हॉल पाहावा घेऊन

पुण्यात हॉल शोधणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एकाच्या हातात पंचांग असते, दुसऱ्याच्या हातात एक्सेल शीट. पहिला म्हणजे वधूपिता. दुसरी म्हणजे कंपनीच्या एचआरमधली ती मुलगी, जिला वरून एवढेच सांगितलेले असते की खर्च कमी हवा, पण दिसायला भारी हवे. दोघांनाही डिसेंबरातला एकच शनिवार हवा असतो. पुढील मार्गदर्शन दोघांसाठीही असून सोयीसाठी त्यांना ‘इच्छुक’ म्हटले आहे.

इच्छुकाने तारीख ठरवून मग हॉल शोधू नये. हॉल रिकामा असेल तो दिवस शुभ, हे आता गुरुजीही मान्य करतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्ने थंडावतात आणि तुळशीचे लग्न झाले की कार्यालयांसमोर पुन्हा रांगा लागतात. दाते पंचांगात आपत्कालीन विवाहमुहूर्तही दिलेले असतात. कोणती आपत्ती ते छापलेले नसते, पण हॉल न मिळणे ही त्यांतली थोरली असावी. कंपन्यांना खरे तर पितृपक्ष पाळायचे कारण नाही. त्या पंधरवड्यात व्यवस्थापक स्वतःहून चहा मागवतो, भाडेही उतरवतो. तरी वार्षिक सोहळा तेव्हा ठेवायचा म्हटले की संचालकांच्या आईंचा फोन येतो.

आरक्षण संगणकावर होते असे सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवावा, पण नजर टेबलावरच्या जाड डायरीवर असावी. पेन्सिलीने लिहिलेले नाव म्हणजे ‘नुसते विचारून गेलेत’, पेनाने लिहिलेले म्हणजे आगाऊ रक्कम जमा. डायरीचे तोंड व्यवस्थापकाकडे असते, म्हणून इच्छुकाने उलटे वाचण्याचा सराव घरूनच करून यावे. खोडरबर कुठे ठेवलेले आहे, तेही पाहून घ्यावे.

जागेचे म्हणाल तर, नकाशावरचे अंतर हा निकष धरू नये. हिंजवडीच्या ऑफिसातून शुक्रवारी संध्याकाळी कर्वे रस्त्यावर यायला सांगणे म्हणजे कर्मचाऱ्यांची निष्ठा तपासणे होय. पाहुणे शहरातलेच असतील तर वनाज–रामवाडी मेट्रोच्या स्टेशनाजवळचा हॉल घ्यावा. ‘पार्किंगची उत्तम सोय’ या छापील वाक्याचा अर्थ बहुधा ‘समोरच्या सोसायटीशी अजून बोलणी चालू आहेत’ असा होतो.

म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंत डीपी रस्त्यावर मुठेच्या काठाने लॉन्सच लॉन्स आहेत. रोषणाई पाण्यात पडते, फोटो सुरेख येतात. पण ते पाणी खडकवासल्यातून किती सोडले जाणार, हे पाटबंधारे खाते ठरवते. २५ जुलै २०२४ रोजी विसर्ग ३५ हजार क्युसेकांवर गेला आणि पलीकडच्या काठाला एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. चातुर्मास लागून तेव्हा आठवडा झाला होता, म्हणजे पंचांग पाळणारे लग्नवाले सुटले. पावसाळी ऑफसाइट काढणाऱ्या कंपन्यांनी मात्र नदीकाठ घेण्याआधी धरणाची पातळी विचारावी. ते लाजिरवाणे नाही.

उघड्या लॉनवर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद होतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आवाज चालवून घेतात. नवरदेवाचे मित्र एवढा आवाज बिनमाइकचा सहज काढतात. सबब, नाचायचे असेल तर बंद हॉल घ्यावा आणि बोलायचे असेल तर लॉन.

गाण्यांच्या बाबतीत वधूपिता भाग्यवान. कॉपीराइट कायद्याचे ५२वे कलम लग्नाच्या मिरवणुकीला आणि लग्नाशी निगडित समारंभांना सवलत देते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा बजावलेही. तेव्हा वरातीत ‘झिंगाट’ फुकट, पण तेच कंपनीच्या वार्षिक दिनी वाजले की परवाना लागतो. एचआरला सहकाऱ्यांतच एखादे लग्न जुळवून त्या दिवशी हॉल घ्यावासा वाटेल, पण तो मोह टाळावा.

मद्याचा विषय निघाला की मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो. हॉटेल किंवा फार्महाउस घेतले तर उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचा परवाना काढावा लागतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वयाची २१ वर्षे पुरी लागतात, व्हिस्कीला २५. नवी भरती झालेल्या टीमला पार्टी द्यायची तर मेनूकार्डाशेजारी जन्मदाखल्यांची फाइलही ठेवावी.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवू नये. मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली, १४ जण गेले. त्यांत वाढदिवसाला जमलेलेही होते. हॉल पाहायला गेल्यावर मागचे दार कुठे आहे ते विचारावे, आणि केटररचे क्रेट नि सिलिंडर त्याच दारात रचलेले असतील तर दुसरा हॉल पाहावा.

स्टेजही एकदा बसून पाहावे. रिसेप्शनचा सोनेरी सिंहासनवजा सोफा सहसा हलवत नाहीत. त्यावर बसून मुख्य वित्त अधिकारी तिमाही तोटा वाचू लागला की श्रोते अक्षता शोधू लागतात.

सगळ्यात कठीण प्रकरण ताटांचे. ५०० ताटांची हमी दिली आणि ४२० माणसे आली, तरी पैसे ५००चे. ५८० आली तर ५८०चे. म्हणून स्वच्छ ताटांच्या चळतीशेजारी दोन माणसे उभी असतात, एक केटररचा आणि एक इच्छुकाचा काका, शक्यतो बँकेतून निवृत्त झालेला. कुणी ओले ताट परत ठेवून कोरडे घेतले की दोघे एकमेकांकडे बघतात. लहान मूल आईच्या ताटात जेवणार असे सांगून आत जाते आणि दहा मिनिटांनी गुलाबजामासाठी स्वतंत्र ताट घेऊन येते. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांची ताटे कुणाच्या खात्यात, हे आधी लिहून घेतलेले नसेल तर रात्री साडेदहाला काका आणि केटरर हातातले कागद शेजारी धरून उभे राहतात. एकावर ४६३, दुसऱ्यावर ५११.

तोवर व्यवस्थापक विजेच्या मीटरचे आकडे आणि जनरेटरचे तास लिहून आणतो. हॉलभाड्यावर १८ टक्के जीएसटी लावतो. अनामत रकमेतून तुटलेल्या दोन खुर्च्या वजा करतो. इच्छुकाने खुर्च्या दाखवायला सांगावे.