कोगनोळी ओलांडण्यापूर्वी

हे मार्गदर्शन कोल्हापुरातून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्यांसाठी आहे. पुण्याला निघालेल्यांनी यात वेळ घालवू नये. पुण्याला गेलेला माणूस कोल्हापूरच्या हिशेबात गेलेला नसतोच. तो शुक्रवारी रात्री गाडीत बसतो आणि शनिवारी सकाळी मिसळीच्या रांगेत उभा असतो. बेंगळुरू सहाशे किलोमीटरवर आहे. मध्ये राज्य बदलतं, लिपी बदलते, गाडीची नंबरप्लेटसुद्धा बदलावी लागते. तेव्हा खर्च आणि सुख नीट तोलून मगच जावं, असं जो तो सांगतो. तोलायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

सर्वप्रथम आपण खरोखर दुसऱ्या राज्यात चाललो आहोत का, याची खात्री करावी. कागल मागं टाकून दूधगंगा ओलांडली की कोगनोळीला कर्नाटक लागतं, आणि थोडं पुढं निपाणी. ज्यांना राज्य सोडायचं आहे पण कोल्हापूर सोडवत नाही, अशांना निपाणी सोयीची वाटते. मात्र निपाणी, बेळगाव, कारवारसह ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ही गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्रानं नाकारला, आणि २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे निपाणीत घर घेतलेला माणूस महाराष्ट्राबाहेर गेला की नाही, हे अजून ठरायचंय. निकाल आपल्या बाजूनं लागला तर एक कपाटही न हलवता तो परत येईल. स्थलांतराचा याहून स्वस्त प्रकार उपलब्ध नाही. उणीव एवढीच की वाद पेटला की एसटी हद्दीवर थांबते, आणि सीमाप्रश्नाशी काडीचा संबंध नसलेला, फक्त दाढ दाखवायला कोल्हापूरला निघालेला प्रवासी भर उन्हात नाक्यावर उभा राहतो.

खात्री झाली की बातमी फोडावी. खरं तर फोडावी लागत नाही. घरात सांगायच्या आत ती कट्ट्यावर पोचलेली असते. तिथं पुढील संवाद होतो, तो पाठ करून जावं.

“बेंगलोरला? कशाला?”

“नोकरी हाय, काका.”

“हितं न्हाई व्हय नोकरी?”

हा प्रश्न विचारणाऱ्याकडं देण्यासाठी नोकरी नसते. तरीही त्याला तसं सुनावू नये. “बघतोय की” म्हणावं आणि चहा सांगावा. घरी आजोबांनी फारच ताणलं तर इतिहासाचा आधार घ्यावा: १६३८ मध्ये बेंगळुरू आदिलशाहीकडं आलं आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळालं, मराठी माणूस तिकडं काही आज चाललेला नाही. त्यावर आजोबा “त्येंची गोष्ट येगळी” असं म्हणतील. ते बरोबरच आहे. आपल्याला जहागीर नव्हे, तीन महिन्यांचं प्रोबेशन मिळालेलं असतं.

इथं एका पोटकलमाचा उल्लेख आवश्यक आहे. जाण्यापेक्षा जाण्याचा इशारा देणं कितीतरी फायद्याचं असतं. आपल्या उद्योजकांनी वीजदराच्या प्रश्नावर कर्नाटकात जाण्याचा इशारा आजवर अनेकदा दिला आहे, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या अजून आहेत तिथंच आहेत. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा केली, २०२२ च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी ती उचलून धरली, आणि इतकी वर्षं रखडलेल्या म्हैसाळ विस्तारित योजनेला एकदम पाय फुटले. हीच पद्धत घरगुती पातळीवर वापरून पाहावी. जाणार जाणार म्हणत राहिल्यास दोन महिने घरोघरी जेवणं मिळतात, भाऊ वाटणीचा विषय स्वतःहून काढतो आणि सासुरवाडीला एकदम मान वाढतो. अनेकांचं काम एवढ्यावरच भागतं. त्यांनी लेख इथंच मिटावा.

उरलेल्यांनी वही घ्यावी, मधोमध रेघ मारावी आणि तक्ता करावा.

पहिला रकाना सरकारी सुखाचा. तो घरातल्या बाईंनी भरावा, कारण दोन्ही राज्यांत सुखं त्यांच्याच नावावर येतात. राजारामपुरीतल्या पाचव्या गल्लीतल्या एका वैनींनी तो असा भरला: “हितं लाडक्या बहिणीला पंधराशे. तिकडं गृहलक्ष्मीला दोन हजार. हितं एसटीत निम्मं तिकीट, तिकडं बायकांना फुकट. वर दोनशे युनिटपर्यंत लाइट फुकट, भाड्याच्या घरालासुद्धा. मी जातो बघा, तुम्ही या मागनं.” हिशेबात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त पंधराशेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं आणि दोन हजारांसाठी घरच्या बाई किंवा त्यांचे यजमान आयकर भरणारे नकोत. ज्या पगारासाठी बेंगळुरूला निघालोय, तोच पगार दोन्ही रकमा पुसून टाकतो. फुकटची बस राहते खरी, पण ती साधी बस. आरामगाडीला ती सवलत नाही, आणि आधारकार्डावर कर्नाटकचा पत्ता लागतो. वैनींनी त्यातूनही मार्ग काढला: बेंगळुरू ते निपाणी फुकट यायचं, निपाणीला गाडी बदलायची, हद्दीच्या अलीकडं निम्म्या तिकिटात कोल्हापूर. सहाशे किलोमीटर साध्या बसमधून आल्यावर कंबरेचा जो खर्च होतो, त्यासाठी तक्त्यात वेगळी ओळ ठेवावी.

व्यवसायकराच्या ओळीवर डोकं शिणवू नये. घटनेच्या २७६व्या कलमानं त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये अशी बांधून दिली आहे, त्यामुळं इकडं काय नि तिकडं काय, कापणारी कात्री सारखीच. पेट्रोल हद्दीपलीकडं साधारण स्वस्त असतं, हे कोल्हापुरातल्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ आहे. पण त्या पेट्रोलवर धावणाऱ्या एमएच-०९ गाडीचं काय, ते त्याला माहीत नसतं. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथं नव्यानं नोंदवावी लागते. त्यासाठी इथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, तिथला आयुष्यभराचा कर, तोही देशातल्या चढ्या दरांपैकी, आणि मग इथं भरलेल्या करातली उरलेली रक्कम परत मागायचा अर्ज. परतावा कायद्यानं मिळतो. अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी. पुढच्या पिढीला उपयोगी पडते.

घरभाड्याचा रकाना शेवटी भरावा, नाहीतर बाकीचे भरायला माणूस उरत नाही. दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घ्यायची बेंगळुरूची जुनी रीत. आता पाच-सहा महिन्यांवर समाधान मानणारे मालकही आहेत आणि त्यांना दयाळू समजण्यात येतं. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापतात, भिंतीला तुम्ही हात लावला असो वा नसो. कोल्हापुरात घरमालक डिपॉझिट कमी घेतो. पण आडनाव काय, गाव कुठलं, मामा कोण, मांसाहार कधी कधी करता, हे सगळं विचारून घेतो. बेंगळुरूचा मालक यातला शेवटचा प्रश्न तेवढा विचारतो.

आता सुखाकडं वळू. इथं बहुतेक कोल्हापूरकर तांबडा-पांढरा लिहून वही मिटतात आणि राहायचं ठरवतात. हे अशास्त्रीय आहे. कोल्हापूरच्या तिखटाची तपासणी केली तर काय दिसतं? उन्हाळ्यात घराघरात वर्षाची चटणी होते, मिरच्या निवडून, भाजून डंकावर कुटून आणतात. त्यातला रंग ब्याडगीचा. ब्याडगी हे गाव हावेरी जिल्ह्यात. तिखटपणासाठी घालतात ती संकेश्वरी, आणि संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. ज्या चटणीच्या जोरावर आपण कर्नाटकाला नको म्हणतो, तिचा निम्माअधिक माल तिकडूनच येतो. बेंगळुरूला जाताना संकेश्वर तर वाटेवरच लागतं. कोल्हापुरी चपलेचंही तेच. २०१९ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं ते दोन राज्यांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चपलेनं कोगनोळी कधीच ओलांडली आहे. तिला कट्ट्यावर कुणी जाब विचारला नाही. शिवाय सौंदत्तीच्या यल्लम्माला आपल्या एसटी दरवर्षी भरभरून जातात आणि अंबाबाईच्या रांगेत कानडी ऐकू येतं. तेव्हा “तिकडं आपलं काय हाय” हे वाक्य तक्त्यात लिहू नये.

दुधाबाबत मात्र तडजोड नाही. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि फेसासकट पेला हातात येतो. बेंगळुरूत नंदिनीची पिशवी मिळते, ती आपल्या गोकुळपेक्षा स्वस्त पडते, पण दूध बहुतांशी गाईचं. पैशाच्या रकान्यात कर्नाटक पुढं जातं आणि चहाच्या रंगात मागं पडतं. या दोहोंची बेरीज करायची पद्धत अर्थशास्त्राला अजून सापडलेली नाही.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही शहरांनी टोकं गाठलेली आहेत. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, आणि कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपानं वर चढवावं लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या आणि सोसायट्या टँकरची वाट बघत बसल्या. आपल्याकडं २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा न बोलावता घरात आली. २०१९ ला तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, आणि ज्यांना पुण्याला पळून जायचं होतं त्यांनाही जाता आलं नाही. मधल्या काळात नळाला पाणी यावं म्हणून काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनची वाट पाहणं हा शहराचा स्थायी उद्योग होता; २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आल्यामुळं एक पिढी बेकार झाली.

वेळेचा हिशेब नको. दसरा चौकात सिग्नल दोनदा पडला तर आपला माणूस “शहर बिघडलं” म्हणतो. त्याला एकदा सायंकाळी सहा वाजता सिल्क बोर्ड चौकात उभं करावं. यापुढं काही लिहायची गरज नाही. जाता जाता एवढंच, की महापालिका झाल्यापासून, म्हणजे १९७२ पासून, कोल्हापूरची हद्द वाढलेली नाही. सगळं शहर पंधरा-वीस मिनिटांत पालथं घालता येतं, ते काही नियोजनामुळं नव्हे, तर आजूबाजूच्या गावांना शहरात यायचं नाही म्हणून. ज्या शहराची हद्द पन्नास वर्षांत एक फूट सरकली नाही, त्यातून सहाशे किलोमीटर सरकणं सोपं नसतं.

एक बाब तक्त्यात बसत नाही. कोल्हापुरात आपली किंमत आपल्या पगारावर नसते. अमक्याचा धाकटा, तमक्या तालमीचा, यावर असते. वाणी वहीत मांडतो, डॉक्टर फोनवर गोळी सांगतो, मेकॅनिक “न्हे गाडी, पैशे मग दे” म्हणतो. ही पत बेंगळुरूच्या बँकेत वळती होत नाही. तिकडं आपण टॉवर बी, फ्लॅट ९०४. गावाकडून आलेला चुलता खाली गेटवर ओटीपी देत उभा राहतो आणि वर आल्यावर पहिल्यांदा तेवढंच बोलतो. पण याचीही दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्याकडं कुणी मोठ्यानं सांगत नाही: अमक्याचा धाकटा होऊन आयुष्य काढायचा ज्यांना कंटाळा आला आहे, त्यांना फ्लॅट ९०४ फार आवडतो. विशेषतः सुनांना.

इतकं सगळं भरल्यावर बेरजा केल्या तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या येतात. घाबरू नये, सगळ्यांच्याच तशा येतात. हा तक्ता निर्णय घेण्यासाठी नसतोच. निर्णय ऑफर लेटर आलं त्या रात्रीच झालेला असतो. तक्ता असतो सासऱ्यांना दाखवायला. इंजिनिअरिंग आपल्या शहरात शिकायचं आणि त्या शिक्षणाचं काम दुसऱ्यांच्या शहरात करायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा रकाना कुणी पाडतच नाही.

मात्र एका ठिकाणी खरोखर मोजून पाऊल टाका, कारण तिथं विनोद चालत नाही. कर्नाटकात शाळेत कन्नड शिकावंच लागतं. २०१५ चा कायदा आहे, आणि पोरं ते आपल्याआधी बोलू लागतात, त्याची काळजी नको. काळजी पुढची. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून मेडिकलला बसायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही इथून झालेली लागते. कर्नाटकात राज्याच्या कोट्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तिथं सात वर्षं शिकलेलं असणं. सहावी ते बारावी मोजा, बरोबर सात होतात. तेव्हा मुलगी पाचवीत असेल तर यंदाच्या जूनमध्येच निघा. नववीत असेल तर बारावीचा निकाल लागेपर्यंत तुम्ही एकटे जा आणि शनिवार-रविवारची गाडी धरा. आणि ती आठवीत असेल, तर हे सगळं तिलाही विचारा. या तक्त्यात तिचा रकाना अजून कुणी भरलेला नाही.