गाडीचे अभ्यंगस्नान आणि शून्य टीडीएस

ज्याची गाडी काळी आहे, ज्याच्या सोसायटीत टँकर येतो आणि ज्याचा पार्किंगमधला शेजारी दर रविवारी बॉनेटवरच्या डागांकडे पाहून काहीही न बोलता लिफ्टकडे वळतो, अशा सद्गृहस्थासाठी हे मार्गदर्शन आहे. पांढऱ्या गाडीवाल्यांनी इथेच रजा घ्यावी. क्षारांचे डागही पांढरेच असतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न शोरूममध्येच सुटलेला आहे.

सर्वप्रथम आपले पाणी जोखावे. पुण्याच्या पेठांमध्ये खडकवासल्याचे पाणी येते. ते धरणात साठलेले पावसाचेच पाणी असल्याने त्यात क्षार बेताचे असतात. त्याने गाडी धुवावी, सावलीत पुसावी आणि पोहे खायला घरात जावे. (पेठेत गाडी लावायला सावली सोडाच, जागाही नसते, हा वेगळा विषय.) वाकड, वाघोलीकडच्या बोअर-टँकरवाल्या सोसायट्यांची गोष्ट निराळी. तिथले पाणी बेसाल्टच्या भेगांतून निवांत झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे सोबत घेऊन येते. गाडीवरचा थेंब उन्हात वाळला की त्यातल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, आणि ते साध्या पाण्याने धुऊन जात नाही. हाच पांढरा थर गिझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांत आणि बाथरूमच्या काचेवरही असतो. तिथे त्याला कुणी विचारत नाही. बॉनेटवर दिसला की मात्र घरातला कर्ता पुरुष संशोधनाला बसतो.

संशोधनाचे पहिले उपकरण म्हणजे टीडीएसचा, अर्थात पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा, आकडा दाखवणारा पेनाएवढा मीटर. तो काही शे रुपयांत मिळतो आणि घेतल्यापासून आठवडाभर घरात कुणाला सुखाने पाणी पिऊ देत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार ठीक मानते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेते. म्हणजे माणसाला जे चालते ते गाडीला चालत नाही, ही गोष्ट एकदा मनाशी स्वीकारली की पुढचे खर्च सोपे जातात. मीटरच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. तो क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. साखर वीज वाहू देत नाही, म्हणून साखरेच्या पाण्यापुढे हा मीटर जवळजवळ गप्प बसतो. बेसाल्टमधून पाण्यात उतरणारी सिलिका त्याला अशीच दिसत नाही. तिचा डाग काचेसारखा कडक असतो आणि व्हिनेगरलाही दाद देत नाही.

आता यंत्रांकडे वळू. दुकानदार आधी सॉफ्टनर दाखवेल. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. टीडीएसचा आकडा जवळपास तसाच राहतो. डाग पडतातच, फक्त ओल्या फडक्याने लवकर निघतात. केस आणि वॉशिंग मशीन यांच्यासाठी ही उत्तम वस्तू आहे, परंतु केस आणि वॉशिंग मशीन हे या लेखाचे विषय नाहीत.

दुसरा पर्याय आरओ. तो नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार अडवतो, पण घरगुती आरओ तासाला दहा-पंधरा लिटरच्या पुढे जात नाही आणि गाळलेल्या प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. टँकरच्या पाण्याचे असे तीन भाग मोरीत घालवून चौथ्या भागाने गाडी धुणाऱ्या सभासदाला सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्यात पाहिले जाते. बेंगळुरूमध्ये तर मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घालून ५००० रुपये दंड ठेवला होता.

तिसरा पर्याय खरा रसिकांचा. उद्योगांत ज्याला डीएम पाणी म्हणतात आणि गाडीप्रेमी मंडळी डीआय म्हणतात, ते पाणी रेझिनच्या बारीक मण्यांतून येते. एका जातीचे मणी पाण्यातले धन आयन घेऊन हायड्रोजन सोडतात, दुसऱ्या जातीचे ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल सोडतात, आणि या दोघांचे मिळून पाणीच होते. दोन्ही मणी एकाच टाकीत मिसळलेले असले की त्याला मिक्स्ड बेड म्हणायचे. या विद्येचा इतिहासही घरंदाज आहे. १९३५ मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या इंग्रज रसायनज्ञांनी कृत्रिम रेझिन तयार केले, आणि त्यांना ही कल्पना ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्यांच्या चुऱ्यावरून सुचली, असे सांगतात. माळ्यावरच्या तबकड्या मात्र फोडू नयेत. आपल्याकडच्या बहुतेक लाखेच्या असतात, आणि शिवाय त्या सासऱ्यांच्या असतात.

टाकी किती लिटरची घ्यावी, इथे भलेभले फसतात. ढोबळ हिशेब असा: एक लिटर मिक्स्ड बेड रेझिन साधारण २५ ग्रॅम क्षार पकडते आणि मग थकते. दहा लिटरची टाकी असेल तर २५० ग्रॅम. बोअरच्या पाण्यात लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार असतील, तर तिच्यातून २५० लिटर शुद्ध पाणी मिळेल. शेवटच्या धारेला ३० लिटर धरले तर आठ रविवार. तीच टाकी पेठेत, १०० टीडीएसच्या पाण्यावर, २५०० लिटर देईल आणि दीड वर्ष पुरेल. ज्याला यंत्राची गरज नाही, त्याच्याकडे ते सर्वांत स्वस्तात चालते. विकणारा हा दुसरा आकडा सांगतो. आपण मीटर खिशातून काढून पहिला सांगावा आणि त्याचा चेहरा पाहावा.

थकलेले रेझिन पुन्हा ताजे करता येते. त्यासाठी दोन्ही जातींचे मणी वेगळे करून एकाला आम्लाने आणि दुसऱ्याला कॉस्टिक सोड्याने धुवावे लागते. कारखान्यात हे रोज चालते. गॅलरीत तुळशीशेजारी हा प्रयोग करू नये. नवे रेझिन विकत घ्यावे, ते ओले ठेवावे आणि टाकी गच्चीवर उन्हात ठेवू नये, कारण वाळले की मणी तडकतात. महापालिकेच्या पाण्यातले क्लोरिनही त्यांना सोसत नाही, म्हणून आधी गाळाचा आणि मग कार्बनचा फिल्टर. धार बेताची सोडावी. घाईने सोडलेले पाणी मण्यांना न भेटताच निघून जाते.

आणखी एक, ही धार शेवटचीच. माती, शांपू, चाकांवरची काजळी हे सगळे साध्या पाण्याने उरकावे. पहिल्या बादलीपासून शून्य टीडीएस वापरणाऱ्याला पैसा पाण्यासारखा खर्च करण्याची अक्षरशः संधी मिळते.

घरात शून्याचे पाणी आल्याची बातमी लपत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी पहिला हक्क सांगते, पाठोपाठ वाफेची इस्त्री. दोन्ही हक्क रास्त आहेत, ते मान्य करावेत. मग आई विचारते, या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजेल का? जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही हे खरेच, त्यामुळे तिचा प्रश्न शास्त्रीय आहे. पण गाडीसाठी आणलेले रेझिन खाण्यापिण्यासाठी नसते, तेव्हा नम्रपणे नाही म्हणावे. “गाडीला चांगलं पाणी आणि आम्हाला बोअरचं” हे वाक्य पुढची काही वर्षे ऐकण्याची तयारी ठेवावी. त्यावर कोणताही फिल्टर मिळत नाही.

फुकटाच्या पर्यायांबद्दलही लोक विचारतात. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नगण्य असतात, पण पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ती नळी फार काही देत नाही. मुंबईकरांनी मात्र बादली लावावी. पावसाचे पाणी उत्तमच. पहिल्या दोन-तीन सरींची धूळ जाऊ द्यावी आणि मग गाडी सरळ बाहेर लावावी. जून ते सप्टेंबर रेझिनची टाकी झाकून ठेवली तरी चालते. मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने थेंब वाळण्याआधी गाडी पुसली तर डाग पडतच नाहीत, असेही काही जण सांगतात. ते खरे आहे. परंतु फडक्याचे मार्गदर्शन लिहायला कुणी सांगितले नाही.

सगळे बसवून झाले की शनिवारी संध्याकाळी आठवणीने एक काम करावे. पहाटे साडेपाचला एक बादली आणि एक फडके घेऊन अख्ख्या विंगच्या गाड्या पुसणारे जे काका येतात, त्यांना आपली गाडी वगळायला सांगावे. नाही तर रविवारी रात्री चकचकीत केलेली गाडी सोमवारी पहाटे बोअरच्या पाण्याने पुसून, उन्हात वाळत ठेवलेली सापडेल. काका ऐकतात. फक्त गाडी न पुसण्याचेही महिन्याचे पैसे तेवढेच घेतात, कारण विंगचा रेट ठरलेला आहे. ती रक्कम रेझिनच्या खर्चात मिळवून प्रति धुणे आकडा नव्याने काढावा, आणि तो घरात कुणाला सांगू नये.