तलंग अंड्यावर आणण्याचे शास्त्रशुद्ध उपाय

तलंग विकत आणली की आठवड्याच्या आत मालक पहाटे खुराड्यात हात घालून पेंढा चाचपू लागतो. हा उपाय सर्वांत जुना असून त्याने आजवर एकही अंडे लवकर आलेले नाही. तरी ज्यांना राहवत नाही त्यांनी तो चालू ठेवावा. सोबत पुढील सूचना पाळाव्यात.

सर्वप्रथम तलंगेची आजी नीट निवडावी. व्हाइट लेगहॉर्नच्या रक्ताची संकरित तलंग अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यात अंड्यावर येते आणि वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. कडकनाथला साधारण सहा महिने लागतात. असीलला त्याहूनही उशीर. असीलच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झुंज बघून निवड झाली, अंडी कोणी मोजली नाहीत. त्यामुळे पाचव्या महिन्यात तिला शेजारच्या लेगहॉर्नचे दाखले देऊ नयेत. देणाऱ्याने हात तरी लांब ठेवावा. शिवाय डझनभर अंडी झाली की ती खुडूक बसते, तेव्हा तिचे म्हणणे ऐकण्यावाचून गत्यंतर नसते.

मग वजन. लेगहॉर्न जातीची तलंग अठराव्या आठवड्यात सव्वा किलोच्या आसपास भरली पाहिजे. हडकुळी तलंग अंड्याचा विचारच पुढे ढकलते. हे कळल्यावर घरोघरी पोळ्यांचे तुकडे, शिळा भात आणि पाहुण्यांनी नाकारलेला चिवडा तिच्यापुढे पडू लागतो. वजन वाढते, पण ते चरबीचे. लठ्ठ कोंबडी कमी अंडी देते आणि मालकाकडे तृप्त नजरेने पाहत राहते. म्हणून सकाळी, दाणे टाकण्यापूर्वी, काही तलंगा तराजूत टाकून पाहाव्यात. तराजू नेहमीचाच असावा. अंदाजाने उचलून 'भरली आहे' म्हणणारे काका प्रत्येक गल्लीत असतात, त्यांना चहा द्यावा.

खरी मेख उजेडात आहे. कोंबडी उजेड नुसता डोळ्यांनी घेत नाही; कवटीतून आत झिरपणारा प्रकाश तिच्या मेंदूतील पेशी ओळखतात, आणि दिवस मोठा होत असल्याचे समजले की अंडाशयाला निरोप जातो. पुण्यात डिसेंबरचा दिवस सुमारे 11 तासांचा, जूनचा सव्वातेरा. ऑक्टोबरमध्ये उबवलेल्या पिलांना वाढीच्या उत्तरार्धात वाढता दिवस लाभतो, त्या तलंगा लवकर अंड्यावर येतात. मार्चच्या पिलांच्या नशिबी ऐन वयात उतरता दिवस येतो, त्या रेंगाळतात. मालकाने पंचांग पाहून पिले आणावीत. मुहूर्ताला इथे खरोखर अर्थ आहे.

अधीर मालक मात्र आठव्या आठवड्यापासूनच रात्रभर बल्ब लावतो. असे करू नये. अंग भरण्याआधी अंड्यावर आलेल्या तलंगेची अंडी लहान निघतात आणि कधी अंडनलिकाच बाहेर येते. वाढीच्या काळात उजेड वाढवू नये; वजन जमले की आठवड्याला अर्धा तास वाढवत 16 तासांवर थांबावे. बल्ब पहाटे लावावा. संध्याकाळी एकाएकी विझला, तर दांडीवर चढायच्या आधीच अंधार होतो आणि कोंबड्या जमिनीवर एकमेकींच्या अंगावर बसून राहतात. उजेड किती? कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता येईल इतका. वाचायचे मालकाने, तिला अग्रलेख दाखवून अंडे येत नाही. एकदा अंड्यावर आल्यावर मात्र तास कमी करू नयेत. लोडशेडिंगचे वेळापत्रक कोंबड्यांना मान्य नसते.

तुरा लालभडक झाला, पाठीवर हात ठेवताच ती दबून बसली आणि ओटीच्या हाडांमध्ये दोन बोटे मावली, की समजावे, दिवस भरले. पहिले अंडे बहुधा लहान असते. कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकताना शेजारी लिंबू ठेवू नये. एक अंडे तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात, तेव्हा लगेच दुसऱ्याची वाट बघत खुराड्यापाशी बसू नका.