कृपया खाली उतरू नये

अमेरिकेत गाडीतून न उतरता काय काय उरकता येतं, याची यादी निखिलनं आम्हाला विमानतळावरून घरी नेतानाच ऐकवली. बँकेत पैसे भरता येतात, औषधांच्या दुकानातून गोळ्या घेता येतात, आणि लास व्हेगासला तर खिडकीशी गाडी लावून लग्नसुद्धा लागतं.

"अंतरपाट म्हणून काच वर करत असतील," सौ. म्हणाली.

अण्णांना मात्र यात कौतुकाचं काही दिसेना. "उतरायचंच नाही, तर मग जायचं कशाला?"

अण्णा म्हणजे सौ.चे थोरले बंधू आणि निखिलचे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, ठाण्याच्या खोपट आगारातून निवृत्त झाले. गाडी, रांग, वेळ आणि प्रवाशांची पोटपूजा या चार विषयांत त्यांना शिकवायला जाऊ नये. निखिल राहतो लॉस एंजेलिसच्या आर्टेशिया भागात. तिथून आम्ही चौघं ग्रँड कॅन्यन बघायला निघालो. अंतर पाचशे मैलांच्या घरातलं. सौ.नं आदल्या रात्री दशम्या करायला घेतल्या, तर निखिल म्हणाला, "आत्या, कशाला त्रास? वाटेत सगळं मिळतं. ड्राइव्ह-थ्रूमधून घेऊ, उतरायलासुद्धा नको." दशम्यांची कणीक परत डब्यात गेली. या प्रवासातलं पुढचं सगळं त्या कणकेच्या शापामुळं घडलं, असं सौ.चं आजही मत आहे.

बाल्डविन पार्क आलं तसं निखिलनं स्थलपुराण सुरू केलं. १९४८ साली हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्यानं इथं 'इन-एन-आउट'ची पहिली टपरी घातली. बसायला जागा नाही, वाढायला माणूस नाही. गाडीतून भोंग्यात सांगायचं, खिडकीतून घ्यायचं आणि चालू पडायचं. कल्पना अशी गाजली की सगळा देश गाडीत बसून जेवू लागला. पुढं इथला महामार्ग बांधताना मूळ टपरीच पाडली गेली. आता जवळच तिची प्रतिकृती उभी केली आहे.

"म्हणजे रस्तारुंदीत गेली म्हणा की," अण्णा म्हणाले. अमेरिकेबद्दल त्यांना वाटलेली ही पहिली आपुलकी.

बार्स्टोला पोचेपर्यंत दुपार झाली. बाहेर मोहावीचं वाळवंट, पारा ४२ अंशांवर. दुकानाच्या काचेतून आतली रिकामी टेबलं दिसत होती आणि बाहेर गाड्यांची रांग पार रस्त्याला टेकली होती.

"आत जाऊन बसू या की," मी सुचवलं.

"काका, असं फास्ट होतं," निखिल म्हणाला आणि त्यानं गाडी रांगेत घातली. दोन्ही बाजूंना उंच कठडा, पुढं एक गाडी, मागं एक गाडी. अण्णांनी मान वळवून पाहणी केली आणि निदान केलं, "यात शिरायला वाट आहे, सुटायला नाही."

फळ्यापाशी पोचलो की जमिनीखालच्या तारेला गाडीचा सुगावा लागतो आणि आत कुणाच्या तरी कानात टिंग वाजतं, अशी ती रचना. मग भोंगा बोलला. काय बोलला ते कळलं नाही. एसटीच्या कर्ण्यामागं तीस वर्षं काढलेल्या अण्णांनाही त्यातलं अक्षर लागलं नाही, म्हणजे दोष ऐकणाऱ्याचा नव्हता. निखिलनं सांगायला सुरुवात केली. चार बर्गर, मांस नको.

"नो मीट?"

"नो मीट."

"चिकन?"

"नो चिकन."

थोडी शांतता. मग भोंग्यानं आशेनं विचारलं, "फिश?"

एवढ्यात मागच्या सीटवरून सौ. म्हणाली, "चातुर्मास आहे रे, कांदा नको म्हणून सांग." निखिलनं तेही सांगितलं. दोनदा सांगितलं.

पहिल्या खिडकीत पैसे दिले. ते मात्र एका झटक्यात घेतले गेले. दुसऱ्या खिडकीतल्या मुलानं पुढं बोट दाखवलं. पुढं जा, आकडा रंगवलेल्या जागेत थांबा, आणून देतो. आम्ही जाऊन थांबलो. उन्हात पंधरा मिनिटं गेली. आमच्या मागच्या गाड्या पिशव्या घेऊन निघून जात होत्या.

निखिलनं विद्यार्थी असताना अशा दुकानात काम केलं होतं. त्यानं गुपित फोडलं. आत भिंतीवर एक पडदा असतो. कुठली गाडी खिडकीशी किती सेकंद थांबली, ते त्यावर दिसतं आणि वरच्या साहेबांपर्यंत जातं. आकडा वाढला की बोलणी बसतात. म्हणून ज्या गाडीला उशीर लागणार, तिला पुढं काढायचं. चाकं हलली की घड्याळ थांबतं. कागदावर आम्हाला आमचं जेवण केव्हाच मिळालेलं होतं.

अण्णांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. गाडी फलाटावरून वेळेत सुटल्याची नोंद करायची आणि फाटकाबाहेर नेऊन उभी करायची, ही विद्या सातासमुद्रापार पोचलेली पाहून त्यांना भरून आलं.

पिशवी हातात आली ती तोंड दुमडून, वर चिठ्ठी चिकटवून. महामार्गाला लागल्यावर लडलोच्या अलीकडं सौ.नं ती उघडली. मांस नव्हतं, ती सूचना काटेकोर पाळली होती. पण टिक्कीही नव्हती, चीजही नव्हतं, टोमॅटोही नव्हता. चार पावांत फक्त कांदा होता, आणि तो हात सैल सोडून घातलेला. शिवाय दोन डबे फ्राइज, मूठभर केचपच्या पुड्या आणि पेय न मागताच दिलेले चार स्ट्रॉ. चिठ्ठीवर सगळं अचूक छापलेलं होतं. कांदा नको, हेसुद्धा.

"परत जाऊन दाखवू या त्यांना," सौ. म्हणाली.

परत जायचं म्हणजे पुढचा एक्झिट गाठायचा, उलटं फिरायचं, तीसेक मैल मागं यायचं आणि त्याच रांगेच्या शेपटाला लागायचं. या धंद्याची खरी कारागिरी मला तिथं उमगली. टपरीवर भज्यांत मीठ कमी पडलं तर आपण तिथंच उभे असतो, भजीवाला तिथंच असतो आणि जे काय व्हायचं ते समोरासमोर होतं. इथं चूक सापडते तेव्हा चूक करणारा क्षितिजापलीकडं गेलेला असतो. घाई गिऱ्हाइकाला असते असं आपण समजतो, पण खरी घाई आपल्याला तिथून घालवण्याची असते.

उरल्या फ्राइज. अण्णांनी एक उचलली आणि थांबले. "यात काय काय असतं रे?" शंका खोपटची होती आणि जुनी होती. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद वापरतात यावरून २००१ साली तिथल्या शाकाहाऱ्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं, तेव्हा ठाण्यातल्या दुकानाची मोडतोड झाली होती. भारतात असं काही घालत नाही, हे कंपनी कळकळीनं सांगत होती. २००२ मध्ये तिनं अमेरिकेत माफी मागितली आणि तडजोडीपोटी एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आमच्या पिशवीवर नाव वेगळं होतं. पण अण्णांनी फ्राय जशीच्या तशी डब्यात ठेवली आणि कांदा-पाव खाल्ला. चातुर्मास पाळणारी सौ. केचपच्या पुड्यांकडं बघत बसली.

कोलोराडो नदी ओलांडून ॲरिझोनात शिरलो. किंगमनला सौ.साठी सॉफ्टी घ्यायची ठरली. भोंगा म्हणाला, यंत्र बंद आहे. हे उत्तर अमेरिकेत इतकं सर्वत्र मिळतं की त्यावरून कायद्यापर्यंत मजल गेली आहे. यंत्र रोज तासन्‌तास स्वतःला तापवून निर्जंतुक करतं. ते अडलं, तर आतल्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडून दुरुस्ती करणं कॉपीराइटच्या कायद्यात बसत नसे. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये दुकानांतल्या अशा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी सरकारनं सूट दिली. सूट मिळाली, सॉफ्टी नाही मिळाली.

"मॅकडोनाल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी याच राज्यातली," निखिलनं विषय बदलला. "सिएरा व्हिस्टा, १९७५. जवळ लष्करी तळ होता. कामाच्या गणवेशात सैनिकांना तळाबाहेर गाडीतून उतरायची मनाई, म्हणून भिंतीला खिडकी पाडली."

"सैनिकांना वरून हुकूम होता," अण्णा म्हणाले. "आपल्याला कुणाचा आहे?"

रात्री विल्यम्सला मुक्काम. दहा वाजून गेलेले. हॉटेलशेजारच्या दुकानाचा दरवाजा बंद, खिडकी तेवढी चालू. इथं बीन बरिटो मिळत असल्यामुळं सौ.च्या जिवात जीव आला. पण इथल्या भोंग्यामागं माणूस नव्हता, यंत्र होतं. मॅकडोनाल्ड्सनं आयबीएमच्या साथीनं २०२१ पासून शंभराहून जास्त दुकानांत असं बोलकं यंत्र बसवून पाहिलं आणि २०२४ मध्ये काढून टाकलं. हे दुकान वेगळ्या साखळीचं होतं, त्यांची हौस फिटायची होती.

यंत्र फार विनयशील. निखिलनं चार बरिटो आणि अण्णांसाठी एक कॉफी सांगितली. "चार कशाला, मला एवढं नको," सौ. मागून म्हणाली. यंत्रानं आनंदानं एक टाको वाढवला. "अरे, नको म्हणते आहे मी, नको!" पडद्यावर तीन टाको झाले. निखिलनं ओठांवर बोट ठेवलं. उरलेली ऑर्डर आम्ही श्वास रोखून पार पाडली.

हॉटेलच्या दारात पिशवी उघडली. बरिटो होते, टाको होते, कॉफी नव्हती. खिडकी समोरच, चाळीस पावलांवर. अण्णा म्हणाले, "आता मी बघतो," आणि दिवसभरात पहिल्यांदाच कामासाठी गाडीतून उतरले. भोंग्यापुढं जाऊन उभे राहिले. टिंग झालं नाही. पाय आपटून पाहिले. जमिनीखालच्या तारेनं त्यांची दखल घेतली नाही. मग खिडकीवर टकटक केली. कानाला यंत्र लावलेली पोरगी एका हातानं पैसे मोजत, दुसऱ्यानं पिशव्या भरत होती. तिनं काच सरकवली आणि मनापासून वाईट वाटून सांगितलं, "सॉरी सर, पायी आलेल्यांना देता येत नाही. गाडीतून यावं लागेल."

निखिलनं गाडी काढली. दुकानाला वळसा घालून आम्ही रांगेत लागलो, टिंग झालं, आणि त्याच खिडकीतून त्याच पोरीनं त्याच अण्णांना हसतमुखानं कॉफी दिली. सोबत पावती, आणि पावतीखाली विनंती, की आपला अनुभव कळवा, पुढच्या खेपेला एक टाको मोफत.

"तक्रार पुस्तक नाही का?" अण्णांनी विचारलं. ते फोनवरच असतं म्हटल्यावर त्यांनी निखिलकडून एकेक प्रश्न वाचून घेतला आणि न्यायानं उत्तरं दिली. कर्मचारी सौजन्यानं वागले का? वागले, पोरगी गुणी आहे. परिसर स्वच्छ होता का? होता. शेवटचा प्रश्न होता, आपण पुन्हा याल का?

"मला काय विचारतोस?" अण्णा कॉफीचा घोट घेत म्हणाले. "गाडीला विचार."