म्हशीला बहर नसतो

शहरात जनावरं पाळायची तर परवाना लागतो, असा कायदा महाराष्ट्रात 1976 पासून आहे. लोकांच्या श्वासातली हवा बिघडवणाऱ्याला दंड करायचं कलम तर इंग्रजांनी 1860 सालीच लिहून ठेवलं होतं. कलम 278, दंड 500 रुपयांपर्यंत. दीडशे वर्षांवर काळ लोटला, म्हशीची किंमत कुठल्या कुठे गेली, दंड मात्र 2024 पर्यंत 500 वरच होता. नव्या संहितेत तो हजार झाला. हजार रुपयांत आज सरकी ढेपेचं एक पोतंसुद्धा येत नाही, मग त्याचा धाक कोणत्या गोठेवाल्याला वाटावा?

दंड 500 वर होता तेव्हाच मी गोठ्याविरुद्ध मुद्देसूद अर्ज दिला होता. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आणि प्रकरण तिथेच स्थिरावलं. मधल्या काळात शेजारच्या गोठ्यातली वगार मोठी होऊन दूध द्यायला लागली.

चहा घ्या, थंड होईल. तुमच्याही शेजारी काहीतरी असणारच, म्हणून तुम्हाला सांगतो. गोठ्याचा वास एक नसतो, त्याच्या पाळ्या असतात. पहाटे शेण ओढतात तेव्हाचा वेगळा. दुपारी शेणात मूत मुरतं, शेणातले जंतू मुतातला युरिया फोडतात, त्याचा अमोनिया होतो आणि आपले डोळे चुरचुरतात. संध्याकाळी भिजवलेल्या ढेपेचा आंबूस. पावसाळ्यात या सगळ्यांवर ओल्या कुटाराचा. आणि रात्री हवा थंड होऊन जमिनीलगत बसली, की दिवसभरातलं जे काही असेल ते अंगणातच मुक्कामाला राहतं.

अकोल्याला माझे साडभाऊ मोर्णेच्या काठी राहतात. त्यांच्याकडेही वास होता, नाही म्हणत नाही. नदीत जलकुंभी माजली होती. पण 2018 च्या जानेवारीत अकोल्याचे लोक हजारोंनी नदीत उतरले, जलकुंभी ओढून बाहेर काढली, आणि 28 जानेवारीला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मोर्णेचं नाव घेतलं. एका वासाची दखल दिल्लीत आणि दुसऱ्याच्या वाट्याला आवक क्रमांक, ही तफावत मी साडभाऊंच्या निदर्शनास आणून दिली. ते म्हणाले, “तुम्ही वासाची झाडं लावा ना बाप्पा.”

लावली. रातराणीपासून सुरुवात केली. दिवसा तिच्या त्या बारीक, हिरवट पांढऱ्या नळ्यांना नाक टेकवून बघा, काही म्हणजे काही नाही. अंधार पडला की तोंडं उघडतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो. ती फुलते रात्रीच्या पतंगांसाठी. घरमालकाच्या सोयीशी तिचा संबंध नाही. आठ-दहा दिवस बहर, मग दीर्घ रजा. शेण ओढायची वेळ पहाटे पाचची, तेव्हा ती मिटायला लागलेली असते. पहाटेला पारिजातक असतो, पण त्याची नेमणूक पावसाळा ते दिवाळी एवढीच. मोगरा ऐन उन्हाळ्यात संध्याकाळी उमलतो, तर आमच्या घरी कळ्या दुपारीच तोडून देवाला आणि गजऱ्याला जातात.

मग म्हटलं, आपल्या जिल्ह्याचं झाड लावू. शेंदुरजनाघाटची संत्र्याची कलम आणली. चार-पाच वर्षं पोरासारखी सांभाळली. डिसेंबरात पाणी तोडून ताण दिला, जानेवारीत पाणी सोडलं आणि आंबिया बहार आला. त्या दिवसांत संत्र्याच्या फुलांनी गोठ्याला अक्षरशः मागे रेटलं. खिडक्या उघड्या ठेवून जेवलो आम्ही. मग पाकळ्या गळाल्या आणि परिस्थिती पूर्ववत झाली. सप्तपर्णीचंही एकानं सुचवलं होतं. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते आणि तिच्या उग्र वासानं डोकं धरतं म्हणून शहराशहरांत लोक वैतागलेले आहेत. तो प्रस्ताव मी फेटाळला.

मुद्दा तुमच्या लक्षात आला असेल. प्रत्येक फुलाला ऋतू आहे, वेळ आहे. म्हशीला बहर नसतो. ती बारमाही आहे.

त्यात आपला वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, कूलरशिवाय डोळा लागत नाही. कूलर बाहेरची हवा ओढून आत सोडतो, आणि आमच्या घरात कूलर बसेल अशी खिडकी एकच, गोठ्याकडची. वाळ्याच्या ताट्या नव्या असतात तोवर बरं चालतं. नंतर मी कूलरच्या मागच्या बाजूला मोगऱ्याच्या कुंड्या ओळीनं मांडल्या आणि कळ्या तोडायला सक्त मनाई केली. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. पण नाकाचा स्वभाव असा आहे, की सारखा येणारा वास ते थोड्या वेळात हिशोबातून काढून टाकतं. मोगरा कूलरला चिकटून, अखंड येणारा, म्हणून तो बाद झाला. गोठा झुळुकेबरोबर थांबून थांबून येतो, म्हणून प्रत्येक झुळकेला नाक नव्यानं दखल घेतं. जवळच्याची किंमत नाही आणि लांबच्याचा एवढा मान, हा न्याय निदान नाकात तरी नसावा.

सुगंधानं होत नाही तर आडोशानं बघू म्हणून कंपाउंडलगत कामिनीचं कुंपण घातलं. याला आधार आहे. अमेरिकेत कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या फार्मभोवती झाडांच्या रांगा लावतात. वास पुष्कळसा धुळीच्या कणांवर बसून येतो; पानं ती धूळ धरतात आणि उरलेली हवा वर उचलली जाऊन पांगते. पण तिकडे रांगा दोन-तीन आणि जागा ऐसपैस. माझ्याकडे भिंत आणि नालीच्या मध्ये तीन फुटांची पट्टी. त्यातही कामिनी जोर धरेना. नर्सरीवाला म्हणाला, “चांगलं कुजलेलं शेणखत घाला.”

चांगलं कुजलेलं शेणखत आमच्या भागात कुठे उपलब्ध आहे, हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या भाऊंनी आठ घमेली आणून टाकली आणि पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर तो व्यवहार झाला असता. न घेतल्यामुळे तो उपकार झाला, आणि उपकार करणाऱ्याविरुद्ध स्मरणपत्र पाठवता येत नाही. माझा पाठपुरावा तिथे खुंटला. कामिनी मात्र डोक्याएवढी झाली.

आणि एवढ्यावरही थांबलं नाही. गेल्या श्रावणात भाऊ गेटवर आले. म्हणाले, “काकाजी, तुमच्या त्या रातरानीनं साप येतेत. माह्या म्हशीले डसला त?”

म्हणजे तक्रारदार मी, आणि आरोप माझ्यावर. मी शांतपणे सांगितलं, की सापाला फुलाशी देणंघेणं नसतं. तो उंदरामागे येतो, उंदीर ढेपेमागे येतात, आणि ढेप कोणाकडे आहे ते गल्लीला माहीत आहे. तोवर पाच-सहा जण जमले होते. त्यातले निम्मे भाऊंकडूनच दूध घेतात. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला, “वासाचं काय एवढं, पण सापाचा जिवाशी खेळ आहे.” रातराणी गुडघ्याएवढी छाटायचं ठरलं. भाऊंनी स्वतःचा विळा आणला आणि फांद्या म्हशींपासून लांब नेऊन टाकल्या.

छाटली की रातराणीला दुप्पट फांद्या फुटतात आणि पुढचा बहर भरगच्च येतो. हे पंचांपैकी कोणालाही ठाऊक नव्हतं. मीही सांगितलेलं नाही.