पुढं सरका, पिक्चर सुरू झालाय

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक प्लॅस्टिकची खुर्ची, शेजारी पाण्याचा तांब्या. टीव्ही नाही, प्रेक्षक आहेत तोच टीव्ही. साठी ओलांडलेला, खाकी शर्टातला माणूस येतो. खांद्याला चामडी बॅग, एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात तिकिटाचा जुना पंच. पंच कटकट वाजवत येतो.)

पुढं सरका, पुढं सरका! मधी लई जागा आहे. ओ ताई, ती पिशवी मांडीवर घ्या, तिचं तिकीट काढलंय का? ...बसलेत होय सगळे? माफ करा. रिटायर झालो तरी हाताची सवय जात नाही. वाई-सांगली, सांगली-वाई. आयुष्य त्या रस्त्यावर गेलं आणि बायकोही त्याच रस्त्यावरची मिळाली. हरिपूरची. सांगलीच्या पलीकडं, कृष्णा-वारणेच्या संगमावर. मी वाईचा. आता नदी वाईकडून सांगलीकडं जाते, म्हणून लग्नात मी आपलं सहज म्हणालो, "तुम्ही आमचं पाणी पिता." सासरे म्हणाले, "गाळून पितो."

(खुर्चीत बसतो.)

आता दिवसभर काम काय? टीव्ही. पिक्चर, मालिका, नातवानं मोबाइल जोडून दिला की वेब सिरीज. मी काही समीक्षक नाही. माझ्याकडं तीनच शेरे: फुल तिकीट, हाफ तिकीट, आणि 'पुढच्या स्टॉपला उतरून घ्या.' पण आमच्या घरात साधं बघणं जमत नाही. कारण मी वाईकर आहे आणि ही सांगलीकर.

म्हणजे कसं, सांगा की. वाईचा माणूस पिक्चरमध्ये माणसं बघतच नाही. तो मागचं बघतो! हिरॉईन रडतेय, हिरोला गोळी लागलीय, आणि आमचा जीव कुठं? "आरं, थांबव, थांबव! तो ढोल्या गणपतीचा कळस का?"

'गंगाजल' आला 2003 साली. पडद्यावर काय, तेजपूर, बिहार. अजय देवगण एस.पी. झालाय, सगळीकडं गुंडगिरी. थेटरात लोक चिडीचूप. आमच्या रांगेतनं आवाज, "ही आपली आळी हाय!" पुढच्या वर्षी 'स्वदेस'. गावाचं नाव चरणपूर, उत्तर प्रदेश. आणि दिसतंय काय? आमचं मेणवली! नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट. 2010 साली 'दबंग', गाव लालगंज. तेही वाईतच. 2013 साली 'चेन्नई एक्सप्रेस', तर आम्ही डायरेक्ट तमिळनाडू! 

मंडळी, विचार करा. जे गाव बिहार झालं, यूपी झालं, तमिळनाडू झालं, ते अजून हिंदी पिक्चरमध्ये वाई म्हणून आलेलं मला तरी दिसलं नाही. लोक म्हणतात, एकपात्री करणं अवघड. अहो, आमचं गाव करतंय की! कपडे बदलत नाही, मेकअप नाही, नुसती पाटी बदलायची. देवनागरीत 'लालगंज पोलीस थाना' लिहिलं की झालं. तिकडं रास्त्यांनी 1762 साली ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं, मागची भिंत माशाच्या आकाराची केली, का? तर पुराचं पाणी दोन बाजूंनी फुटून जावं म्हणून. पाणी फुटलं. शूटिंगची गर्दी काही फुटत नाही. ज्या गावात बसून तर्कतीर्थांनी मराठी विश्वकोश उभा केला, त्या गावात आमची पोरं विचारतात, "सलमान कुठल्या कठड्यावर बसला होता?"

(उठतो.)

'स्वदेस' मात्र फुल तिकीट. शाहरुख खान नासातनं येतो, नावेत बसतो, गावात वीज आणतो. म्हातारीच्या घरात बल्ब लागतो तो सीन आहे ना... मी बघत होतो, डोळ्यांत पाणी. बल्ब लागला तिकडं, आणि इकडं आमची लाईट गेली! 

आता हसताय, पण ते दिवस आठवा. खेड्यात दिवसाचे कित्येक तास भारनियमन. आणि जिल्हा कुठला? सातारा! आमच्या पाटण तालुक्यात कोयनेचं धरण. 1,960 मेगावॅटचा प्रकल्प. अर्धा महाराष्ट्र ज्या पाण्यावर पंखे लावून झोपला, त्या जिल्ह्यात येऊन तो नासावाला आम्हाला शिकवतो, की बाबांनो, पाण्यापासून वीज होते! धरणात ज्यांची गावं गेली त्यांना विचारायचं होतं त्यानं, वीज होते का म्हणून. पण बल्ब लागल्यावर ती म्हातारी कशी बघते... जाऊ द्या. फुल तिकीट म्हटलं ना.

आता हिची बाजू. (पदर खोचल्याचा अभिनय.) सांगलीच्या माणसासमोर काहीही लावा, तो एकच वाक्य म्हणतो, "हे आमच्याकडं आधीच झालंय."

कारण काय, तर 5 नोव्हेंबर 1843. मराठी नाटकाची सुरुवात. विष्णुदास भावे, 'सीता स्वयंवर', सांगली संस्थान. आमच्या लग्नाची तारीख हिला कॅलेंडर बघून सांगावी लागते, पण 5 नोव्हेंबर 1843? झोपेत विचारा.

परवा एक मालिका लागली होती. सासू वळली. धाड! (मान वळवतो.) सून वळली. धाड! (दुसरीकडं.) नणंद नुसती दारात आली होती, तिलाही धाड! धाड! धाड! मी म्हटलं, "काय गं हे?" ही शांतपणे तांदूळ निवडत म्हणाली, "अललडुर्र." मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "जुन्या पौराणिक नाटकात राक्षस यायचे. तोंडं रंगवून, तलवार घेऊन, आरोळ्या ठोकत. अललडुर्र! संवाद कमी, आरडाओरडा जास्त. तेच चाललंय. फक्त राक्षसांना आता पैठणी नेसवलीय."

(पाणी पितो.)

मग आली 'तुला पाहते रे'. 2018 साल. सुबोध भावे पंचेचाळिशीचा उद्योगपती, पोरगी विशीतली. सगळ्या महाराष्ट्राला लग्नाची घाई. आमच्या शेजारणी साडी ठरवून बसल्या होत्या! ही एकटी फुगून. म्हणाली, "आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी 1899 साली 'शारदा' लिहून म्हातारा नवरा आणि कोवळी पोरगी हे लग्न मोडून दाखवलं. आणि तुम्ही एकशेवीस वर्षांनी ते परत लावताय? वर आहेर काय नेताय!" मी म्हटलं, "अगं, तो कुठं म्हातारा आहे? सुबोध भावे आहे." तर म्हणाली, "भावे असला म्हणून काय झालं? भावे काय करू शकतात ते आम्ही 1843 साली बघितलंय." पुढं त्याच मालिकेत पुनर्जन्म निघाला, हिरोच व्हिलन निघाला. हिनं माझ्याकडं बघितलं. मी रिमोट तिच्या हातात दिला. हल्ली एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. घरात रिमोट मात्र पूर्ण.

नातू म्हणाला, "आजोबा, 'गेम ऑफ थ्रोन्स' बघा." बघितलं. आठ सीझन! एक खुर्ची, लोखंडाची, टोचणारी. आमच्या सातारा-सांगली जुन्या गाडीची शेवटची सीट बरी. आणि त्यासाठी ही कत्तल! मी नातवाला म्हटलं, "लेका, आम्ही साताऱ्याचे. आम्हाला गादीची भांडणं शिकवतो? सातारची गादी, कोल्हापूरची गादी, भांडण होतंच. 1731 साली वारणेचा तह झाला, वारणा नदी हद्द ठरली, हा तुझा भाग, तो माझा भाग. विषय संपला. ड्रॅगन लागला नाही." लगेच स्वयंपाकघरातनं आवाज, "ती वारणा आमच्या हरिपुरालाच मिळते! आणि गादीवरची कापाकापी बघायचीय तर आमच्या सांगलीच्या खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' आहे. तीन तासात होतं." मी म्हटलं, "त्यातल्या पेशवाईचा कारभार सांभाळला कुणी? नाना फडणवीस! मेणवलीचा वाडा कुणाचा? आमचा!" त्या दिवशी चहा मिळाला नाही. तह अजून व्हायचाय.

'पंचायत' बघितली का? चांगली आहे, हळू चालते, ग्रामसेवक ओळखीचा वाटतो. फुलेरा म्हणे, उत्तर प्रदेशात. पण शूटिंग मध्य प्रदेशात झालं. चला, एक यूपी तरी आमच्या अंगावर आली नाही. 'स्क्विड गेम'? कोरियन. चारशे छप्पन्न माणसं, 'स्टॅच्यू' खेळतात, हलला की गोळी. मी म्हटलं, ह्यात काय? यात्रेच्या दिवशी मांढरदेवची गाडी भर, मग बघू कोण हलतंय. उतरून घ्या.

(आवाज बदलतो.)

पण खरी गंमत आपल्या मालिकांची आहे. हिंदीवाल्यांनी आमच्या गावाला बिहार म्हटलं, तरी ते आमचं गाव दिसलं. गाय, चिखल, कट्ट्यावरची म्हातारी, सगळं तसंच. आणि मराठी मालिकेत मोठ्ठ्यानं 'सातारा' लिहितात, तर आम्ही विचारतो, हे कुठं आलं? पहाटे पाचला बाई अंगणात, नाकात नथ, केसांत गजरा, अंगावर काठाची साडी. शेण काढायला! आणि प्रत्येक वाक्याला 'जी'. आमच्याकडं 'जी' फक्त सुट्टीवर आलेला फौजी म्हणतो, तेही बायकोला, तेही पहिले दोन दिवस.

अपवाद आहे. 'लागिरं झालं जी'. 2017 ला आली. तो अजिंक्य, सैन्यात जायचं म्हणून पहाटे पळतोय. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. घराघरात फौजी. पहाटेच्या गाडीनं जाताना रस्त्याकडंला पळणारी पोरं मी किती बघितलीत. ड्रायव्हर मुद्दाम लाईट खाली करायचा, पोरांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. ते पळणं त्या मालिकेत होतं. लिहिणारा तेजपाल वाघ आमच्या वाईचा, मग असणारच. फक्त मला एक कळलं नाही, भारतीय सैन्यानं त्याला लवकर घेतलं, त्याच्या शीतलीच्या घरच्यांनी किती महिने लावले!

'देवमाणूस'वर मी बोलत नाही. ती वाई तालुक्यातल्या, 2016 साली उघड झालेल्या खुनांच्या प्रकरणावर बेतलेली. पुण्या-मुंबईत लोक त्यातल्या सरू आजीच्या म्हणी ऐकून हसायचे. आमच्याकडंही हसायचे, पण जरा इकडंतिकडं बघून. ज्यांच्या घरातली माणसं गेली ती त्याच बाजारात भाजी घ्यायला येतात. 

(गप्प. मग पंच वाजवतो.)

बरं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक मालिकावाले आले. नाव सांगत नाही. बस स्टँडचा सीन होता. एक पोरगं, कानात बाळी, हातात पुठ्ठा, मला म्हणालं, "काका, गावातली माणसं पाहिजेत." मी म्हटलं, "सीन कशाचा?" "बसमध्ये भांडण होतं, कंडक्टर सोडवतो." अहो, माझं काळीज उडालं! मी घरात पळालो, शर्ट काढला, बॅग काढली, हा पंच पुसला. गेलो समोर. त्यानं मला वरनं खाली बघितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही कंडक्टर वाटत नाही."

मी! वाटत नाही!

कंडक्टर म्हणून मुंबईचा एक पोरगा आणलेला. जिममधला. बॅग उजव्या खांद्यावर आडवी, चावी लावून बंद. सुट्टे काय दातानं काढणार? मला म्हणाले, तुम्ही मागच्या सीटवर पॅसेंजर. बसलो. हीही आली. हिला म्हणाले, "काकू, ही नथ घाला." ही म्हणाली, "एसटीत?" "गाव वाटलं पाहिजे." मग हिनं विचारलं, "संहिता कुठाय?" तो म्हणाला, "सीन येतोय अजून, व्हॉट्सअ‍ॅपवर." मला वाटलं, आता ही भडकणार. तर ही खुलली! म्हणाली, "बरोबर आहे. विष्णुदासांच्या वेळीही संवाद लिहिलेले नसायचे. पदं सूत्रधार म्हणायचा, बाकीचे आयत्या वेळी बोलायचे." आणि नथ घालून बसली की खिडकीत.

अ‍ॅक्शन! भांडण झालं, कंडक्टरनं सोडवलं, दोरी ओढली. टिंग. गाडी निघाली.

(दोन्ही हात डोक्यावर.)

एका घंटीवर! एका घंटीवर गाडी थांबते हो! निघायला दोन लागतात! मी मागनं ओरडलो, "डबल मार, डबल!" कट. परत. टिंग. "डबल!" कट. चौथ्या टेकला डायरेक्टर स्वतः आत आला. म्हणाला, "काका, प्रेक्षकांना काय कळतंय?" मी म्हटलं, "साताऱ्यापासनं सांगलीपर्यंत प्रत्येक प्रेक्षक एसटीतनंच आलाय!" त्यानं त्या जिमवाल्याला खूण केली. आणि त्या पोरानं माझ्या दंडाला धरलं, बॅग सावरली, आणि काय सांगू, पहिल्यांदा अगदी बरोबर आवाजात म्हणाला, "ओ काका, उतरून घ्या."

अहो, आयुष्यभर मी लोकांना उतरवलं!

खाली धुळीत उभा राहिलो. वर बघितलं, ही खिडकीत. नथ घालून. म्हटलं, "अगं, चल की!" तर हलली नाही. ओठ न हलवता म्हणाली, "अहो, बाजूला व्हा. कंटिन्युइटी आहे."

(टिंग. टिंग. अंधार.)