सामोपचाराचा दर काय?

सामोपचाराने घटस्फोट घ्यायचा, तर ठाण्यात सर्वांत स्वस्त मध्यस्थ कोण? कागदोपत्री उत्तर सोपे आहे: कौटुंबिक न्यायालयातला विवाह समुपदेशक. 1984 च्या कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचेच काम ठरवले. 1987 च्या विधी सेवा कायद्याने तर बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकीलही मोफत. बहुधा म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. लग्नाच्या हॉलला लाखो मोजलेल्या घराला फुकटात सुटणे कमीपणाचे वाटते. मग खासगी मध्यस्थ येतो, तासावर पैसे घेतो आणि तेच विचारतो: मुले कोणाकडे, दागिने कोणाकडे, फ्लॅटचे हप्ते कोणाकडे. सर्वांत महाग मात्र बिनपैशांचे मध्यस्थ, म्हणजे मामा-काका. त्यांच्या बैठकीला फी नसते, चहापोहे असतात, आणि तिसऱ्या बैठकीअखेर दोन पक्षांचे सहा झालेले असतात.

कोणी म्हणेल, खरा खर्च मध्यस्थाचा नाहीच, दुसऱ्या घराच्या भाड्याचा आहे; परस्परसंमतीच्या अर्जाआधी वर्षभर वेगळे राहावे लागते. आक्षेप बिनतोड वाटतो. पण सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगून ठेवले आहे, की एका छपराखाली राहूनही नवराबायको वेगळे असू शकतात. घोडबंदर रोडची भाडी पाहता हा निकाल ठाणेकरांसाठीच दिला असावा. डोंबिवलीच्या वन बीएचकेत तर तो निकालाआधीपासून अमलात आहे. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदतही 2017 च्या निकालानुसार योग्य प्रकरणात माफ होते. राहता राहिला सोसायटीचा मेंटेनन्स. त्याला माफी मिळत नाही.